जपानी बायकांचं कुंकू

आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांत सगळ्यात लांब मुक्काम केला तो पाच जपानी बायकांनी. मुलुंडच्या आमच्या एक खोली आणि स्वयंपाकघराच्या जागेला पाहुण्यांचा कधी तोटा नव्हता. गावाहून कोणी डोळे दाखवायला येई, कोणी नोकरी शोधायला, कोणी नुसतंच, मुंबई अजून जागेवर आहे की नाही ते बघायला. ते सगळे कधी ना कधी परत गेले. या पाच जणी राहिल्या. मी हे लिहिते आहे त्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्या आहेत. पाचही जणी बागेत आहेत आणि पाचही जणींच्या कपाळाला कुंकू आहे. घरी येणारा माणूस आधी हसतो, मग विचारतो, आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून त्याच्यापुढे चहा ठेवते. खरं काय ते एकदा लिहून ठेवावं, म्हणून हे.

त्या आल्या दत्तारामकाकांबरोबर. हे माझ्या नलूआत्याचे यजमान. नलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, शेंडेफळ. काका मालाच्या बोटीवर खलाशी होते. बोट मुंबईला लागली की त्यांना चार दिवस मिळत, आणि ते चार दिवस गावी जाण्यायेण्यात फुकट जाऊ नयेत म्हणून लग्न झाल्यापासून आत्या आमच्याकडेच राही. सासर वेंगुर्ल्याच्या बाजूला, नवरा दर्यावर आणि ही मुलुंडला भावाकडे. आई म्हणायची, "आमची नलू म्हणजे पोस्टातलं पार्सल. घ्यायला माणूस येईपर्यंत आमच्या फळीवर." आत्याला याचा राग येत नसे. ती आईला वहिनी म्हणायची, पण दोघींचं चाले पाठच्या बहिणींसारखं. सकाळी नळ आला की एकीने कळशी धरायची, दुसरीने हंडा, आणि दोघींनी मिळून शेजारणीशी भांडायचं.

बोटीवरच्या माणसाकडून काय यावं याबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये एकमत होतं. जपानी साडी, घडीची छत्री आणि टेपरेकॉर्डर. त्या खेपेला काका जपानहून येणार म्हटल्यावर आईने टेपरेकॉर्डरसाठी कपाटावरची जागा पुसून ठेवली होती. काका आले, साडी निघाली, छत्री निघाली, गळ्यात अडकवलेला एक कॅमेरा निघाला, आणि मग पिशवीच्या तळातून पुठ्ठ्याची एक चपटी घडी निघाली. त्यात पातळ कागदांच्या मधेमधे ठेवलेली पाच चित्रं. आईने शेवटचं चित्र उलटून पुठ्ठ्याच्या मागेसुद्धा पाहिलं. मग म्हणाली, "भावोजी, एवढ्या लांब गेलात आणि क्यालेंडर आणलंत?"

काका मोठ्याने हसले. त्यांचं हसणं खाली दुकानापर्यंत जायचं. मग त्यांनी आम्हाला सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण सांगताना त्यांनी पोळपाट पुढ्यात ओढून करून दाखवलं. बंदराजवळच्या एका दुकानात एक म्हातारा मांडी घालून बसला होता. लाकडाच्या फळीवर चित्र कोरलेलं. त्यावर रंग लावायचा, कागद ठेवायचा आणि हातातल्या गोल गादीने मागून घासायचं. मशीन नाही, काही नाही. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. हिरव्याची वेगळी, निळ्याची वेगळी, ओठांवरच्या एवढ्याशा लालाची वेगळी. "मी तिथे उभाच राहिलो," काका म्हणाले. "बोट सुटायची वेळ झाली तरी पाय निघेना. एवढा खटाटोप कशासाठी, तर एक बाई बागेत उभी आहे, बस्स."

"आणि तुम्हाला कोणाची आठवण झाली?" आईने विचारलं. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे भांडी होती तशीच होती, पण तिने ती एकदा वाजवून घेतली.

बाबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि हात कसबी होता. त्यांनी चित्रांना शाळेतल्या नकाशांना असतात तशा वर-खाली पट्ट्या लावल्या आणि खाटेच्या वरच्या भिंतीवर ओळीने टांगली. आम्ही त्यांना नावं पाडली. छत्रीवाली, पंखेवाली, तळ्यावरची, वेलीखालची आणि मागे वळलेली. वेलीखालचीवर जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबत होते आणि तिने एक हात वर केला होता, तोडायला की नुसता लावायला ते कळत नसे. तळ्यावरचीच्या पायाशी लाकडी पूल होता आणि पाण्यात निळ्या फुलांचे ताठ दांडे. पाठीवर उशी बांधल्यासारखा कमरपट्टा, हातात बांगडी नाही, कानात नाही, गळ्यात नाही. पाचांपैकी एकही आपल्याकडे बघत नव्हती. सगळ्या चित्राच्या बाहेर कुठेतरी बघत. आणि कुठल्याच चित्रात पुरुष नव्हता.

"ह्यांचे पण नवरे बोटीवरच असणार," आत्या म्हणायची.

"तर काय," आई म्हणायची. "नाहीतर एवढा वेळ बागेत फिरायला कोणाला मिळतो? आमटीला फोडणी कोण देणार?"

दुपारी साडेतीनचा भोंगा झाला, औषधाच्या कारखान्याचा कडवट वास खिडकीतून आत आला की आत्या खिडकी लावून घ्यायची आणि एखादं चित्र भिंतीवरून काढून मांडीवर घ्यायची. मला शेजारी बसवून माझं बोट धरून कागदाच्या मागून फिरवायची. फळीवर दाबल्याच्या खुणा बोटाला लागत. एकदा तिने छत्रीवालीचं चित्र उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाली, "बघ गं, हिच्या पांढऱ्या कपड्यावर फुलं आहेत." समोरून काहीच नव्हतं. तिरकं धरलं की रंगाशिवाय नुसती दाबून उठवलेली फुलं दिसायची. पुढे आमच्यात तो खेळच झाला. आलेल्या बाईला चित्र दाखवायचं आणि फुलं कुठे आहेत ते विचारायचं.

त्या चार दिवसांतल्या एका दिवशी काकांनी आत्याला आणि मला आरे कॉलनीत नेलं. पवईवरून बस बदलत गेलो. तेव्हा पवई म्हणजे तलाव, टेकड्या आणि लांबवर कॉलेजच्या इमारती, एवढंच होतं. खिडकीतून हात बाहेर काढून काका म्हणाले, "नलू, इथे कुठेतरी घेऊ जागा. तळमजला. पुढे एवढीशी बाग. एका तांब्यात शिंपून होईल एवढी." आरेच्या बागेत त्यांनी आत्याला जपानी छत्री उघडून एका झाडाखाली उभी केली. छत्रीवालीसारखी. आत्या लाजून इतकी हसत होती की छत्री हलत होती. "माझ्याकडे नाही, तिकडे बघ," काका ओरडले, "त्या बघतात तसं, बाहेर." आत्या बाहेर बघायला लागली. त्यांनी फोटो काढला. मग मी आणि आत्या, मग मी एकटी. रोल संपला नाही, म्हणून उरलेले फोटो पुढच्या बंदरात काढून, सगळे धुवून आणतो म्हणाले. कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला.

ते गेले त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या शेवंताकाकू साखर मागायला आल्या. शेवंताकाकू मालवणकडच्या, वयाने मोठ्या, तोंडाने त्याहून मोठ्या. भिंतीकडे बघून त्या वाटी हातात घेऊन तशाच थबकल्या.

"अगो नलू, घोव तुझो दर्यार, आणि भिंतीर ही पांढऱ्या कपाळाची बायलमाणसां कित्याक टांगलंस गो?"

"काकू, जपानी आहेत त्या. त्यांच्यात नसतं लावत," आत्या म्हणाली.

"तेंच्यात नसात. घर खंयच्या मुलखात आसा?"

आम्ही हसलो. काकू साखर घेऊन गेल्या. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर आत्याची नजर सारखी भिंतीकडे जायला लागली. मला ते कळत होतं. एकदा कानात शिरलेली गोष्ट काही केल्या बाहेर निघत नाही. शेवटी तिने फळीवरून ओल्या कुंकवाची बाटली काढली, ती झाकणालाच काडी जोडलेली, आणि म्हणाली, "वहिनी, लावू का?" आई म्हणाली, "लाव बाई. तुझ्या जिवाला शांत वाटेल, आणि त्यांचंही काही बिघडत नाही." मी चित्र धरलं. आत्याने श्वास रोखून काडीच्या टोकाने मोहरीएवढं कुंकू लावलं. त्या बायकांच्या भुवया बारीक आणि उंच. दोन भुवयांच्या मधोमध लावायला गेलं की नाकावर आल्यासारखं दिसे. म्हणून तिने जरा वर लावलं. पाचही जणींना तसंच, आपण लावतो त्याहून वर. लावून झाल्यावर आम्ही तिघी मागे सरून बघत राहिलो. आई म्हणाली, "आता कशा आपल्यातल्या वाटतात."

मग दर शुक्रवारी तो नेमच झाला. न्हाऊन, देवाला हळदकुंकू वाहून झालं की आत्या आधी स्वतःला लावायची, मग आईला, मग त्या पाचांना. वाळलेलं कुंकू खपली धरून पडायचं, त्यावर नवं. मी शाळेत जायच्या घाईत असले तरी चित्र धरायला मीच लागायची.

बातमी घेऊन कंपनीचा माणूस आला तेव्हा घरात बांगडे तळत होते. हा वास माझ्या आठवणीतून कधी सुटला नाही. तो दारातच उभा राहिला, बाबांना बाहेर बोलावलं, आणि जिन्याच्या कठड्याजवळ हळू आवाजात बोलला. वादळ झालं होतं. बोटीचा ठावठिकाणा नव्हता. काही माणसं सापडली होती, काही जिवंत, काही नाहीत. त्या दोन्हींत काका नव्हते. बाबा आत आले आणि त्यांनी स्टोव्हची हवा सोडली. स्टोव्ह फुस्स करून बंद झाला. त्या आवाजानेच आत्याला कळलं असावं. ती रडली नाही. तिने विचारलं, "सापडले का?" बाबा म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग शोधतायत ना अजून?" बाबांनी मान हलवली, आणि ती मान आत्याने होकाराची धरली.

त्या दिवसापासून तिने मासा सोडला. आमच्या घरात मासा सोडणं म्हणजे काय, ते मालवणी माणसालाच कळेल. आईने समजावलं, तर म्हणाली, "वहिनी, ज्या पाण्यात ते आहेत त्या पाण्यातला मासा मी कसा खाऊ?" मग हळूहळू आमच्याही घशाखाली मासा उतरेना. आई कुळथाची पिठी करायची, वालाची उसळ करायची. बाबा पानात पडेल ते जेवून उठायचे.

शुक्रवारचं कुंकू मात्र चुकलं नाही. उलट आता आत्या ते जास्त जपून लावायला लागली. पहिल्यांदा मोहरीएवढं असायचं, ते आता ज्वारीच्या दाण्याएवढं झालं. ती गॅलरीत तेलाच्या डब्यांतून झाडं लावायला लागली. अबोली, सोनटक्का, गोकर्ण. तळ्यावरचीच्या पायाशी आहेत तसली निळी फुलं पाहिजेत म्हणून तिने कुठून कुठून कंद आणून पुरले. त्यातून एकदा हळद उगवली. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. तेव्हा कोणी हसलं नाही. आत्या त्या हळदीलाही पाणी घालत राहिली.

किती काळ गेला ते मी मुद्दाम लिहीत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी तो मोजला असेल. मला एवढंच आठवतं की काका आले तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, आणि आत्याचे सासरे गावाहून आले तेव्हा मी परकर-पोलकं सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले होते. सासरे म्हणजे उंच, वाकलेले, धोतर नेसणारे गृहस्थ. हातात फणसपोळीची पुडी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि जमिनीवरच बसले. खाटेवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. चहा झाला, पाणी झालं. मग ते आत्याकडे न बघता बोलले.

"देवाक कौल लावलो. दोनदा लावलो. दोनय खेपेक डावोच पडलो."

आमच्याकडे गावदेवीला कौल लावतात. गुरव पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठल्या बाजूची कळी आधी पडते ते बघायचं. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. त्यांनी विचारलं होतं, माझा मुलगा आहे का.

"आता पळसाचो विधी करूचो लागतलो," सासरे म्हणाले. "घरात सगळां उलटां होता म्हणान सांगणंय नाय. तो माझ्या सपनात येता. पाणी मागता."

माणूस सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्यालाच अग्नी देतात, आणि मग बाकी सगळं रीतीप्रमाणे. आईला हे माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून एकदम बाहेर आली. तिचा डोक्यावरचा पदर घसरला होता, तोही तिने सावरला नाही.

"मामंजी, लहान तोंडी मोठा घास घेते, पण कोणी पाहिलंय त्यांना गेलेलं? उद्या माणूस दारात उभा राहिला तर? जित्या माणसाला अग्नी देणार तुम्ही?"

म्हातारे रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले. "माका काय बरां वाटता काय गो चेडवा? झील माझो तो. पण तहानलेलो कितको काळ ठेवू तेका?"

बाबा खाली मान घालून बसले होते. आत्या भिंतीला टेकून उभी होती, पाचांच्या बरोबर खाली. कोणी तिला विचारत नव्हतं आणि सगळे तिच्याच तोंडून ऐकायची वाट बघत होते. एक बाई जिवंत नवऱ्याची बायको राहणार की मेलेल्याची, हे तिच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मला तेव्हा ते एवढं नीट कळलं नाही.

"करा," आत्या म्हणाली.

"नलू!" आई ओरडली.

"करा मामंजी. जिवंत असतील तर चार थेंब पाण्याने त्यांना काय होणार आहे? आणि नसतील तर मी इथे कुंकू लावून बसायचं आणि त्यांनी तिथे तहानेने तडफडायचं, हे कसलं माझं सौभाग्य?" तिचा आवाज अगदी साधा होता. दूध आणायला सांगावं तसा. मग ती सासऱ्यांच्या पाया पडली आणि त्यांच्यासाठी भात टाकायला आत गेली.

बाबा आणि सासरे गावी गेले. आत्या गेली नाही. पुतळा बघणार नाही, एवढं एकच तिने मागून घेतलं. विधी शुक्रवारी होता. त्या सकाळी आई नळावर गेली होती आणि मी वेणी घालत होते. आत्या न्हाऊन आली. कपाळ मोकळं होतं. जिथे इतकी वर्षं कुंकू होतं तिथे गोल, फिकट, ऊन न लागलेली कातडी दिसत होती. मला तिच्याकडे बघवेना. ती खाटेवर चढली, पाचही चित्रं उतरवली आणि जमिनीवर ओळीने मांडली. मग वाटीत पाणी घेतलं, समईच्या वातीचा कापूस घेतला आणि वेलीखालचीच्या कपाळाला लावला.

लाल रंग पसरला. तिने परत पुसलं. तो गालापर्यंत आला, जांभळ्या फुलांच्या कडेपर्यंत आला. तिने कापूस बदलला आणि घासायला लागली. कागद हळूहळू कापसासारखाच सुटायला लागला. इतक्या शुक्रवारांचं कुंकू त्या कागदाने आत पिऊन घेतलं होतं. मी "आत्या, आत्या" म्हणत तिचा हात धरला, पण तिला ऐकू येत नव्हतं. आई पाण्याची कळशी घेऊन दारात आली, तिने पाहिलं आणि कळशी तिथेच टेकवली.

"नलू, काय करतेस हे?"

"वहिनी, माझं गेलं गं," आत्या म्हणाली. "माझं एका हातासरशी गेलं. ह्यांचं जाईना."

आणि मग ती रडली. बातमी आली त्या दिवशीचं, मधल्या सगळ्या दिवसांचं, सगळं एकदम. मी कोणाला असं रडताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. वरून शेवंताकाकू धावत आल्या आणि चित्रं बघून मटकन खाली बसल्या. आईने आत्याच्या हातातला लाल झालेला कापूस सोडवून घेतला, तिला कुशीत घेतलं आणि लहान मुलाला थोपटावं तसं थोपटत म्हणाली, "असू दे. त्यांचं राहू दे. त्यांच्या नवऱ्यांची बातमी आलेली नाही अजून."

त्या वाक्याने आत्याचं रडणं वाढलं, पण हात शांत झाले. दुपारी तिने स्वतःच भाताची खळ केली आणि फाटलेल्या कपाळाला मागून पातळ कागदाचा तुकडा लावला. संध्याकाळी चित्रं परत भिंतीवर गेली. गावी त्या वेळेपर्यंत पळसाची पानं जळून गेली असतील.

आत्या पुढे खूप जगली. बिल्डिंगमागच्या बालवाडीत मुलं सांभाळायची, डब्यांतली झाडं वाढवायची. आम्ही मुलुंडमध्येच मोठ्या जागेत गेलो, तेव्हा तिचे डबे टेम्पोत सगळ्यात आधी चढले. तिने परत लग्न करावं म्हणून आईने जंग जंग पछाडलं. नाहूरच्या एका भल्या माणसाचं स्थळ अगदी दारापर्यंत आणलं. आत्या हसून म्हणायची, "वहिनी, फळीवर जागा राहिली नाही का?" मासा ती शेवटपर्यंत जेवली नाही. कधीकधी दुपारची ती चित्रांसमोर बसलेली असे. एकदा मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "माझा तो आरेतला फोटो कसा आला असेल गं?" तो फोटो या जगात कोणीच पाहिलेला नाही.

मध्यंतरी माझ्या मुलीचा एक मित्र घरी आला होता. त्याला यातलं कळतं. त्याने पाचही चित्रं हातात घेऊन, उलटून, तिरकी धरून पाहिली. छत्रीवालीच्या कपड्यावरची फुलं त्याने न सांगता शोधली, त्याचं मला कौतुक वाटलं. मग हळहळून म्हणाला, "काकू, कोणी खराब केली हो? हे डाग काढता येतात. माझ्या ओळखीत माणूस आहे." मी म्हटलं, "खराब नाही रे केली, जपलीयत. चहा घे." त्याने कप उचलला.

आत्या गेली ती कोणाला फारसा त्रास न देता. बाबा त्याआधीच गेले होते, म्हणजे तोवर आईचंही कपाळ मोकळं झालं होतं. शेजारच्या बायका जमल्या, अंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. पुढचं कोणी बोलत नव्हतं, कारण पुढे काही नव्हतंच. विधवेला निरोप द्यायला फार सामान लागत नाही. तेवढ्यात आई भिंत धरत धरत उठली. गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही. ती देव्हाऱ्याशी गेली, देवाच्या कुंकवाचा करंडा घेतला, तळहातावर चिमूटभर काढून त्यात एक थेंब पाणी घातलं आणि आत्याच्या उशाशी येऊन बसली. एक बाई हळूच म्हणाली, "आजी, अहो..." आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कोणी पाहिलंय त्यांना गेलेलं?" ती म्हणाली. इतक्या वर्षांपूर्वी सासऱ्यांना विचारलेलं, अगदी तेच.

तिने बोट बुडवून आत्याला कुंकू लावलं. हात कापत होता, त्यामुळे ते जरा वर गेलं. मघाची बाई चांगल्या मनाची होती. ती पुढे वाकून म्हणाली, "वर लागलंय, मी नीट करू का?"

"राहू दे," आई म्हणाली. "हिच्यात असंच लावतात."